ओवाळणी घ्या, पण हक्कसोडावर सही करू नका

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून शिव्या देऊ नका. द्यायच्याच असतील तर पूर्ण वाचून द्या.

परवा सकाळी पोखर्णीत एका ऑनलाइन सेंटरवर गेलो होतो. एक सातबारा काढायचा होता, पाच मिनिटांचं काम. माझा नंबर लागायला दुपार झाली, कारण पुढं तीस-चाळीस बाया रांगेत. लाडकी बहीणची ई-केवायसी. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणी कापूस वेचायचा रोज पाडून आलेली, कुणी आदल्या दिवशी येऊन 'सर्व्हर डाऊन' ऐकून गेलेली.

पन्नाशीच्या एक मावशी पुढं सरकल्या. सेंटरवाला पोरगा म्हणाला, "मावशी, नवऱ्याचा आधार नंबर सांगा. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल."

मावशी म्हणाल्या, "मालक जाऊन अकरा वर्षं झाली बाबा. वर जातो का तुझा ओटीपी?"

सगळी रांग हसली. मी पण हसलो.

"मग वडिलांचा सांगा."

"ते तर त्याच्याही आधी गेले."

पोरगा बिचारा काय करणार? म्हणाला, "मावशी, साइट पुढं जाईना. माझ्या हातात काही नाही. नंतर येऊन बघा." मावशींनी कागदाची पिशवी काखेत मारली आणि जाता जाता एवढंच बोलल्या, "आधार माझा, खातं माझं, मतदान बी मीच केलं. मग मेलेल्या माणसाला कशाला इचारायलेत?"

त्यानंतर रांगेत कुणी हसलं नाही.

या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आधी बाजूच्या हॉटेलातलं सांगतो. चहा प्यायला गेलो तर तिथं चौघं-पाच जण बसलेले. रांगेकडं बघून एक जण म्हणाला, "पंधराशेला इकल्या बाया. यांच्यामुळंच सरकार आलं, आता भोगा." बाकीच्यांनी माना हलवल्या. हेच वाक्य मी गेल्या वर्षभरात लग्नात ऐकलं, मयतीत ऐकलं, एसटीत ऐकलं, आणि शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज वाचतो.

म्हणून पहिलं भांडण माझ्या पुरुष भावांशीच.

भाऊ, २०१९ च्या फेब्रुवारीत, लोकसभेच्या तोंडावर पीएम किसानचा दोन हजारांचा पहिला हप्ता आला, तो कुणाच्या खात्यात आला? तुमच्या. वर्षाला सहा हजार केंद्राचे. त्यावर राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी सहा हजार. झाले बारा हजार. तुम्ही ते घेतले, मी पण घेतले. तेव्हा कुणी म्हणालं का, की 'पाचशे रुपये महिन्याला शेतकरी इकला'? नाही. तेव्हा आपण म्हणालो 'शेतकऱ्याचा सन्मान'. नाव बी तेच होतं, सन्मान निधी. पुरुषाच्या खात्यात पैसा आला की सन्मान, आणि बाईच्या खात्यात आला की ती विकली गेली?

आणि मतदानाच्या आदल्या रात्री कोणत्या गावात काय वाटलं जातं, ढाब्यावर कुणाचं बिल कोण भरतं, हे मला विचारू नका. वीस वर्षं निवडणुका कव्हर केल्यात. त्या ढाब्यावर मला अजून एकही बाई दिसलेली नाही.

बाया विकल्या गेल्या नाहीत. त्यांनी साधा हिशेब केला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं तिच्या स्वतःच्या नावानं काहीतरी पाठवलं. त्यातून लेकराची फी भरली, गोळ्या आणल्या, फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता भरला. कुणी दोन कोंबड्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन. नवऱ्याकडं हात न पसरता हातात दीड हजार असणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी हात पसरला नाही त्याला कळायचं नाही. २०१९ ला महाराष्ट्रात ५९ टक्क्यांच्या आसपास बायांनी मतदान केलं होतं. २०२४ ला तो आकडा ६५ टक्क्यांच्या वर गेला. ही काय वाईट गोष्ट आहे का? ज्या बायांना पन्नास वर्षं 'मालक सांगतील त्या बटणावर' म्हणून हिणवलं, त्या पहिल्यांदा स्वतःच्या हिशेबानं बाहेर पडल्या.

तेव्हा पंधराशे घेणाऱ्या बाईवर हसणं बंद करा. हे झालं पहिलं भांडण.

आता दुसरं, जास्त मोठं. देणाऱ्याशी.

तारखा बघा. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल. महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा. २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आत पैसे खात्यात. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, २३ ला निकाल, आणि २८८ पैकी २३० जागा महायुतीला. पाच महिन्यांत एवढं. प्रचारात सांगितलं, पंधराशेचे एकवीसशे करू.

निवडून आल्यावर काय झालं? एकवीसशे राहिले बाजूला, छाननी सुरू झाली. सव्वीस लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनंच सांगितलं. चौदा हजारांहून जास्त तर चक्क पुरुष निघाले. नमो शेतकरीचे हजार मिळत असतील तर लाडकीचे फक्त पाचशे. आणि मग २०२५ च्या १८ सप्टेंबरचा आदेश, दोन महिन्यांत केवायसी करा, नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार जोडा.

अपात्र माणसाला सरकारी पैसा जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. नियम असलेच पाहिजेत. पण नियम तर पहिल्या दिवसापासून होते. अडीच लाखांची उत्पन्नाची अट जुलै २०२४ मध्येही होती. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंना एका फॉर्ममागं ५० रुपये देतो म्हणून दिवसरात्र फॉर्म भरून घेतले, धडाधड मंजूर केले. मतदानाआधी एकही बाई बोगस नव्हती. मतदान झाल्यावर बोगस कशी झाली? चूक फॉर्म भरणारीची, की डोळे झाकून मंजूर करणाऱ्याची? मंजूर करणाऱ्या एका तरी साहेबाच्या दारात कुणी केवायसीला गेलं का?

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. मध्य प्रदेशात २०२३ ला लाडली बहना, कर्नाटकात गृहलक्ष्मीचे दोन हजार, झारखंडात मंईयां सन्मान. बिहारचं मतदान २०२५ च्या नोव्हेंबरात होतं आणि त्याआधी २६ सप्टेंबरला तिथं ७५ लाख बायांच्या खात्यात दहा-दहा हजार पडले. भाजप असो, काँग्रेस असो, कुणी असो, सगळ्यांना कळलंय की बाई आता स्वतः मतदान करते. बाईचं मत पाहिजे हे सगळ्यांना कळलं. बाईचं म्हणणं काय आहे, हे विचारायला अजून कुणी आलं नाही.

तुम्हाला हक्कसोडपत्र माहीत आहे. आपल्या भागात कोणत्या घरात नाही झालं? वडील वारले की भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो. कागदावर तिची सही घेतो, की वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या देशात २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत लेकाइतकाच हिस्सा आहे. पण ती सही करते. का? माहेर तुटू नये म्हणून. मग भाऊ तिला त्या दिवशी चांगल्या हॉटेलात जेवू घालतो, साडी घेतो, आणि दर भाऊबीजेला ताटात पाचशेची नोट टाकतो. दोन एकर गेले, पाचशे आले. आणि वर सगळ्या गावात कौतुक, 'बहिणीला किती जीव लावतो बघा.'

सरकारनं 'लाडकी बहीण' हे नाव का निवडलं असेल, याचा मी लई दिवस विचार करत होतो. आता वाटतं, नाव एकदम बरोबर निवडलंय. ओवाळणी टाकायची आणि हिस्स्याचं विचारायचं नाही, असं न बोललेलं हक्कसोडपत्र आहे ते.

हिस्सा म्हणजे काय, एकेक सांगतो.

पहिला हिस्सा, मालाचा भाव. पंधराशे गुणिले बारा, वर्षाचे अठरा हजार. आता दुसरी बाजू मांडा. सोयाबीनचा २०२५ च्या हंगामातला हमीभाव ५३२८ रुपये. २०२४ च्या प्रचारात तर सहा हजारांचं बोलले होते. तेव्हा व्यापारी चार हजारांच्या आतबाहेर बोलत होते. क्विंटलमागं तेराशे धरा. चांगल्या वर्षी ज्या घरात दहा क्विंटल होतं, त्या घराचे तेरा हजार तिथंच गेले. कापसाचं तसंच. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढून टाकलं, डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हा बाहेरचा कापूस स्वस्तात आत. अमेरिकेनं टॅरिफ लावलं, दिल्लीत निर्णय झाला, आणि त्याचा फटका बसतो तो आमच्या शिवारात, पाठीला ओटा बांधून वाकलेल्या बाईला. कापूस वेचते बाई, सोयाबीन निंदते बाई, पण भावाचा प्रश्न आला की तो 'शेतकऱ्याचा प्रश्न', म्हणजे पुरुषाचा. लाडक्या बहिणीला कुणी विचारत नाही, की बाई, तुला पंधराशे पाहिजेत का सोयाबीनला भाव पाहिजे? मी काही बायांना विचारलं. एकीनं उत्तर दिलं, "दोन्ही. एक देऊन दुसरं का काढून घेता?"

दुसरा हिस्सा, जमिनीचा. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस कसा झाला हे मी सांगायची गरज नाही. सोयाबीन पाण्यात उभ्यानं सडलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. २०२५ च्या ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मिळेल तेव्हा मिळेल. पण मदत कुणाच्या नावानं येते? ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याच्या. चिखलात उतरून पेंढ्या कुणी उचलल्या, हे पंचनाम्यात येत नाही. बाईच्या नावानं फायनान्सचं कर्ज आहे, बचत गटाचं कर्ज आहे, वसुलीला माणूस तिच्याच दारात येतो. फक्त जमीन तिच्या नावानं नाही.

आता जुनी गोष्ट सांगतो, विशेषतः तरुण पोरांसाठी. १९८४ साली शेतकरी संघटनेचं दुसरं अधिवेशन आपल्या परभणीत झालं होतं. दोन वर्षांनी, १९८६ च्या नोव्हेंबरात, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शरद जोशींनी शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. गाड्या भरभरून बाया गेल्या. त्यातल्या लई जणी पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय, जत्रा-लग्न सोडून कशासाठी तरी घराबाहेर पडल्या होत्या. तिथं ठरलं की पंचायतीच्या निवडणुका बायांनी लढवायच्या. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्ती निघाली. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करायचा, उपकार म्हणून नाही, तिच्या कष्टाचं देणं म्हणून. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. सरकारनंही पुढं याच नावानं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. शरद जोशींचं सगळंच मला पटतं असं नाही. खुल्या बाजाराबद्दल त्यांच्याशी भांडायला माझ्याकडं लई मुद्दे आहेत. पण त्या माणसानं बाईला बहीण-बिहीण न म्हणता शेतकरी म्हटलं. चाळीस वर्षं होत आली. आज आपल्या गावात किती सातबाऱ्यांवर बायकोचं नाव आहे, मोजा. माझ्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आत्ता आत्तापर्यंत नव्हतं. परवा सेंटरवर मी जो उतारा काढायला गेलो होतो, तो त्याच अर्जासाठी.

तिसरा हिस्सा, खुर्चीचा. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायांना. आता २८८ च्या विधानसभेत बघा. जी निवडणूक 'बहिणींनी जिंकून दिली' म्हणतात, तिच्यात बाई आमदार निवडून आल्या एकवीस. २०१९ ला चोवीस होत्या. म्हणजे बहिणींची मतं वाढली आणि आमदार बहिणी कमी झाल्या. आपल्या जिल्ह्यात चारपैकी एक, जिंतूरच्या मेघना बोर्डीकर, २०२५ मध्ये पालकमंत्री झाल्या. राज्यसभेत फौजिया खान होत्या. पण परभणी लोकसभेत आजवर एकदाही बाई निवडून गेलेली नाही. संसदेनं २०२३ च्या सप्टेंबरात लोकसभा-विधानसभेत ३३ टक्क्यांचा कायदा केला, पेढे वाटले. आत बारीक अक्षरात लिहिलंय, आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. पंधराशे पाच महिन्यांत देता येतात. खुर्ची द्यायची म्हटली की जनगणना आडवी येते.

आणि खाली जिथं खुर्ची आहे तिथं कोण बसतं, हे तुम्हाला मला माहीत आहे. सरपंचपती. इथं मी माझाही गुन्हा कबूल करतो. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, बातमीत पहिलं विचारायचं ते 'कोण?' वीस वर्षं मी बातमीत लिहिलं 'सरपंच सौ. अमुक यांच्या हस्ते', आणि फोटोत नारळ फोडताना त्यांचा नवरा. फोन नंबर सेव्ह केला 'सरपंच' म्हणून, तो नवऱ्याचा. प्रतिक्रिया घेतली नवऱ्याची, छापली बाईच्या नावानं. असा खोटेपणा आम्ही गावोगावचे बातमीदार रोज करत आलो. मी या पोस्टपासून बंद केला. बाई बोलल्या तर छापीन, नाही बोलल्या तर 'सरपंच बोलल्या नाहीत' असं छापीन.

आता काही जण म्हणतील, बायांना राजकारण कळत नाही, त्यांना पंधराशेच कळतात. त्यांच्यासाठी तीन-चार गोष्टी.

१९७२ चा दुष्काळ. आपल्या आज्या खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. तिकडं मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागं बाया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. दोघी १९७७ ला लोकसभेत गेल्या. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. लक्षात घ्या, कायदा. काम मागितलं तर द्यावंच लागेल असा. त्याच्याच पावलावर २००५ ला देशाचा कायदा झाला. लाडकी बहीण उभी आहे जीआरवर. जीआर आज निघतो, उद्या बदलतो, परवा त्यात नवऱ्याचा ओटीपी येतो. ओवाळणी आणि हक्क यांच्यातला फरक हाच आहे.

अंगणवाडीच्या ताई. ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संप केला. मानधन वाढवा, ग्रॅच्युइटी द्या. लाडक्या बहिणींना काही न मागता पैसे मिळाले, कारण निवडणूक होती. अंगणवाडी ताई वर्षानुवर्षं काम करून मोबदला मागत होत्या, तर त्यांना थंडीत मैदानात बसावं लागलं. जी गप्प बसते ती लाडकी, जी हिशेब मागते ती संपकरी.

दारूबंदीचं मतदान. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली की दुकान बंद. महाराष्ट्रात कित्येक गावांत बायांनी ते करून दाखवलं. त्यात कुणी पैसे वाटले नव्हते. उलट समोरून वाटले जात होते.

आणि आपल्या परभणीतलं ताजं. २०२४ च्या डिसेंबरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झालं, आणि अटकेत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशीचा १५ डिसेंबरला मृत्यू झाला. त्याच्या आईला सरकारनं दहा लाख देऊ केले. तिनं घेतले नाहीत. ती हायकोर्टात गेली. २०२५ च्या जुलैमध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही तो आदेश कायम राहिला. राजकारण म्हणजे काय हे कुणाला शिकायचं असेल तर त्या माउलीकडं बघा. पंधराशेला बाया विकल्या गेल्या म्हणणाऱ्यांनी तर जरूर बघा. दहा लाखांना एक बाई विकली गेली नाही, याच जिल्ह्यात.

बाहेरच्या देशातली पण एक सांगतो. २०२५ ला भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, एका गोष्टीला बरोबर पन्नास वर्षं झाली. १९७५ साली आइसलंड नावाच्या छोट्या देशात बायांनी एक दिवस सुट्टी घेतली. ऑफिसात नाही गेल्या, स्वयंपाक नाही केला, लेकरं सांभाळली नाहीत. दहातल्या नऊ बाया. देश जागेवर थांबला. पाच वर्षांनी, १९८० ला, त्या देशानं बाई राष्ट्राध्यक्ष निवडून दिली. कल्पना करा, एक दिवस आपल्या शिवारात एकही बाई कापूस वेचायला गेली नाही, एकीनंही भाकरी थापली नाही, पाणी भरलं नाही. दुपारपर्यंत सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते हातात ताट घेऊन फिरतील.

आता करायचं काय? उगाच भाषण देऊन जाणार नाही.

जिल्हा परिषदेवर २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होता. २०२५ च्या ऑक्टोबरापर्यंत साडेतीन वर्षं झाली. निम्म्या जागा बायांच्या म्हणता, त्या जागाच रिकाम्या होत्या. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग आरक्षणाच्या सोडती निघाल्या. निवडणूक आली की पांढरे कपडे दारात येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दिवाळीनंतर टोळीबरोबर जातात, त्यांचं मत तर तसंच बुडतं. बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून जास्त ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ ला सरकारी समितीपुढं आलं, तरी त्या कुठल्याच प्रचारात 'बहीण' नव्हत्या. ज्या गावात आहेत त्यांनी निदान एवढं करावं.

एक. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्या भागात ती बहुतेक रजिस्टरवरच होते. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणतो. यावेळी सही देऊ नका. म्हणा, सभा घ्या, मग सही. शंभर बाया एकदम म्हणाल्या तर घ्यावीच लागेल.

दोन. त्या सभेत विचारा, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते गेल्या तीन वर्षांत कशावर झाले? तोंडी नको, लेखी पाहिजे.

तीन. गावातल्या ज्या विधवा, सोडलेल्या, एकट्या बाया केवायसीत अडकल्यात, त्यांची यादी त्याच सभेत करा, ठराव करा आणि वर पाठवा. एकट्या बाईला सेंटरवाला परत पाठवू शकतो, गावाच्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं. ही यादी मला पाठवा, मी छापतो.

चार. जो उमेदवार दारात येईल त्याला तीनच प्रश्न. सोयाबीनच्या भावाचं काय? एकवीसशेचं काय? आणि बाईची जागा असेल तर, उमेदवार कुठं आहेत? नवरा नको, त्यांना पुढं करा, त्यांनाच बोलू द्या.

पाच, हे पुरुषांसाठी. यंदा भाऊबीजेला ताटात नोट टाकायच्या आधी आठवा, बहिणीकडून कोणत्या कागदावर सही घेतली होती. आणि बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज तलाठ्याकडं द्या. मी दिलाय. घरात विचारलं तेव्हा बायको हसून म्हणाली, "एवढं काय झालं एकदम?" मला उत्तर देता आलं नाही.

बायांनो, ताई, मावशी, आक्का, पंधराशे आले तर बिनधास्त घ्या. ते कुणाच्या खिशातले नाहीत. तुम्ही काडेपेटीपासून तेलाच्या पुड्यापर्यंत टॅक्स भरता, त्यातलेच आहेत. कुणी उपकार म्हणून ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. पण ओवाळणी घेताना कागदावर काय लिहिलंय ते बघत जा. भाव, जमीन, खुर्ची, प्रश्न विचारायचा अधिकार, यातलं काही सोडून द्यायला कुणी सांगत असेल तर अंगठा आवरा.

त्या मावशी परत सेंटरवर आल्या की मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. यावेळी मला सातबारा काढायचा नाही. ज्यांना यायचं त्यांनी या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आधी घरातल्या बाईला वाचून दाखवा आणि तिचं मत लिहा. तुमचं आम्ही वीस वर्षं छापतोच आहोत.

पोखर्णी, ता. १५ ऑक्टोबर २०२५